वळणाची त्रिज्या कोण विचारणार?

मुंबई–नागपूर बुलेट ट्रेनचा प्रस्तावित मार्ग समृद्धी महामार्गाच्या कडेने, नाशिक, शिर्डी, छत्रपती संभाजीनगर, जालना असा सुचवला गेला आणि तेव्हापासून जळगाव-धुळ्यात एकच वाद पुन्हा पुन्हा रंगतो आहे. एका बाजूचं म्हणणं असं की हा खान्देशावर सरळ अन्याय आहे. मुंबई–हावडा रेल्वेचा कणा भुसावळातून जातो आणि वेगवान गाडी मात्र आपल्याला वळसा घालून दक्षिणेकडून जाणार. दुसरी बाजू म्हणते, बरंच झालं. जनरल डब्यात पाय ठेवायला जागा नाही, तिथे बुलेट ट्रेन कुणासाठी? तिसरा गट बहुतेक तरुणांचा. त्यांच्या मते रुळांवरची गाडीच आता जुनी झाली, मागायचंच तर मॅग्लेव्ह (चुंबकाच्या जोरावर तरंगणारी गाडी) मागा, हायपरलूप (नळीतून धावणारी गाडी) मागा. तिन्ही बाजूंचा सगळा वाद गाडीवर चालला आहे. माझं म्हणणं आहे की वेग आधी मार्ग ठरवतो, गाडी त्यानंतर. वळणाची त्रिज्या, चढाचं प्रमाण आणि त्याच रुळांवरून आणखी काय धावतं, या तीन गोष्टींत प्रवासाचे तास अडकलेले असतात. गाडी तीस-पस्तीस वर्षांत भंगारात निघते; वळण शंभर-दीडशे वर्षं हलत नाही. आणि नेमका याच काळात खान्देशातून एक नवा मार्ग आखला जातो आहे. ३०९ किलोमीटरच्या मनमाड–इंदूर मार्गाला सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने १८,०३६ कोटींची मंजुरी दिली. त्याच्या स्थानकांवरून, श्रेयावरून, फलकांवरून भरपूर बोललं जातं. त्याच्या वळणांबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही.

वळणाचं गणित अवघड नाही. वळणावर बाहेरचा रूळ आतल्यापेक्षा उंच ठेवतात, म्हणजे गाडी आत झुकते आणि बाहेर फेकणारा जोर पेलला जातो. आपल्या ब्रॉडगेजवर ही उंची साधारण १६५ मिलिमीटरपर्यंत नेता येते, आणि त्या वेगाला हव्या असलेल्या उंचीपेक्षा प्रत्यक्षातली उंची १०० मिलिमीटरने कमी पडली तरी प्रवासी गाडीला ते सुरक्षितपणे चालतं. हे दोन्ही आकडे पुरेपूर वापरले तर १३० किलोमीटर वेगासाठी निदान ८७५ मीटर त्रिज्येचं वळण लागतं, १६० साठी सव्वातेराशे मीटरच्या आसपास आणि २०० साठी दोन हजार मीटरच्या वर. पण हा हिशेब फक्त प्रवासी गाड्यांच्या रुळांचा. त्याच वळणावरून ताशी ६५ ने मालगाडी जाणार असेल, तर तिच्यासाठी बाहेरचा रूळ फार उंच ठरतो. तिचा सगळा भार आतल्या रुळावर येतो, तो रूळ चेपतो, झिजतो. म्हणून उंची कमी ठेवावी लागते. मग १३० साठी सुमारे हजार मीटर, १६० साठी सतराशे आणि २०० साठी अठ्ठावीसशे मीटर त्रिज्या लागते. मालगाडी आणि जलद गाडी एकाच रुळावर ठेवायची तर वळण असं मोठं करावं लागतं, म्हणजे अधिक जमीन, अधिक खोदाई. ते परवडत नसेल तर वेग सोडावा लागतो. इंजिन किती शक्तीचं आहे, डब्याचं नाक किती टोकदार आहे, याचा इथे काहीही संबंध येत नाही.

ज्यांना हे पुस्तकी वाटेल त्यांनी जपानकडे पाहावं. तोक्यो–ओसाका शिंकानसेन, म्हणजे जपानची पहिली बुलेट ट्रेन, १ ऑक्टोबर १९६४ ला सुरू झाली. त्या मार्गाची किमान त्रिज्या २,५०० मीटर धरली होती. ताशी २१० किलोमीटरसाठी ती भरपूर होती. पुढे गाड्यांच्या पिढ्यांमागून पिढ्या आल्या, हलक्या झाल्या, मोटारी बदलल्या, तरी त्या वळणांवर २५५ च्या पुढे जाता येईना. २००७ मध्ये एन-७०० ही गाडी वळणावर स्वतःचा डबा एक अंशाने झुकवू लागली तेव्हा कुठे २७० ची मुभा मिळाली, आणि २०१५ पासून मार्गावर २८५. त्याच देशात तोहोकू शिंकानसेन नंतर बांधली गेली, तिथे किमान त्रिज्या ४,००० मीटर धरली, आणि २०१३ पासून त्या रुळांवरून ई-५ गाडी ३२० ने धावते. देश एक, कारखाने तेच, देखभालीची शिस्त तीच. फरक वळणाचा. जगातल्या सर्वात गर्दीच्या आणि सर्वात श्रीमंत मार्गावर पन्नास वर्षांचं संशोधन ओतूनही १९६० च्या सुमारास आखलेली रेघ ओलांडता आली नाही. मुंबई–अहमदाबाद मार्गासाठी किमान त्रिज्या ६,००० मीटर धरली आहे, ती याच अनुभवातून.

आपल्याकडचा दाखला याहून जुना आहे. कसारा ते इगतपुरी हा थळ घाट १८६५ मध्ये रेल्वेने ओलांडला, १:३७ च्या चढाने. म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की एक मीटर वर. त्या काळच्या वाफेच्या इंजिनांनी तो चढ सोसला, १९३० च्या सुमारास डीसी विजेची इंजिनं आली, पुढे इगतपुरीला डीसी उतरवून एसी इंजिन जोडण्याचा काळ आला आणि गेला. आज थ्री-फेज मोटारींची इंजिनं आहेत. चढ अजून १:३७ आहे. बावीस एलएचबी डब्यांची भरलेली गाडी इंजिनासह बाराशे टनांच्या घरात जाते. या चढावर तिला नुसतं मागे घसरू न देण्यासाठी बत्तीस टनांहून अधिक ओढ लागते. प्रवासी गाड्यांचं आपलं नावाजलेलं डब्ल्यूएपी-७ इंजिन उभ्या गाडीला हलवताना लावू शकतं ती ओढ जेमतेम तेहतीस टन. उरलं काय? म्हणून मुंबईहून येणाऱ्या गाडीला कसाऱ्याला थांबून मागे बँकर, म्हणजे मागून ढकलणारं जादा इंजिन लावावं लागतं. खान्देशातल्या प्रवाशाचा वेळ आजही राणीच्या राज्यात आखलेल्या त्या चढावर खर्च होतो.

इथे गाडीवाल्यांचा एक मुद्दा मी पूर्णपणे मान्य करतो. १० फेब्रुवारी २०२३ ला मुंबईहून शिर्डी आणि सोलापूरच्या वंदे भारत सुरू झाल्या, त्या थळ आणि बोर घाट बँकरशिवाय चढतात. कारण साधं आहे. एका इंजिनाला सहा आस. सगळी ओढ त्या सहा आसांच्या चाकांतूनच रुळावर उतरते. सोळा डब्यांच्या वंदे भारतला आठ डब्यांत मोटारी, म्हणजे ६४ पैकी ३२ आस ओढतात. भार विभागला गेला की चाक घसरत नाही, गाडी लवकर वेग घेते, थांबा घेतल्याचा तोटा कमी होतो. त्याआधी २०१९ मध्ये मध्य रेल्वेने नाशिक–जळगावमार्गे जाणाऱ्या राजधानीला पुढे-मागे अशी दोन इंजिनं लावून बँकरचा थांबा वाचवला, तेही याच जातीचं शहाणपण. तेव्हा गाडीचं तंत्र बिनमहत्त्वाचं आहे असं कुणी म्हणू नये. पण त्याने वाचलं काय आणि राहिलं काय, हेही बघायला हवं. बँकर जोडण्याचा वेळ वाचला. घाटातली वळणं, उतारावर आवरावा लागणारा वेग आणि पुढे-मागे तुंबलेल्या मालगाड्या जागच्या जागीच आहेत. वंदे भारत १८० साठी बांधलेली आणि १६० साठी मंजूर असलेली गाडी आहे. इगतपुरी–भुसावळ–बडनेरा पट्ट्यावर १३० च्या पुढे तिला वावच नाही.

आता एक हिशेब करून बघा. दहा किलोमीटरचा एक तुकडा असा आहे की तिथे ताशी ३० ने जावं लागतं: जुना पूल असेल, दलदलीचा भराव असेल, स्थानकाआधीचे रूळ बदलण्याचे जुने सांधे असतील. तो पार करायला वीस मिनिटं लागतात. तो सुधारून १३० चा केला तर पाच मिनिटांपेक्षा कमी. पंधरा मिनिटं हाती लागली. हीच पंधरा मिनिटं कमाल वेग १३० वरून १६० करून मिळवायची असतील, तर तो वेग सलग पावणेदोनशे किलोमीटर टिकवावा लागेल, म्हणजे मनमाड ते जळगाव हा १६० किलोमीटरचा अख्खा पट्टाही कमीच पडेल. आपल्या गाड्यांचा वेळ खाल्ला जातो तो हळू तुकड्यांत. लूप लाईनीत (स्थानकात गाडी बाजूला घेण्याच्या रुळावर) शिरताना एक-बाराच्या, म्हणजे बारा मीटर पुढे गेल्यावर एक मीटर बाजूला नेणाऱ्या सांध्यावर बहुतेक ठिकाणी वेग ३० वर आणावा लागतो. सातशे मीटर लांब गाडीचा शेवटचा डबा तो सांधा ओलांडेपर्यंत चालकाला हात आखडूनच ठेवावा लागतो. मोठ्या स्थानकांच्या यार्डात हे दोनदा घडतं, येताना आणि जाताना. हे सांधे ५० चे केले, महत्त्वाच्या ठिकाणी त्याहून लांब धारेचे टाकले, तर मिळणारा फायदा त्या मार्गावरच्या प्रत्येक गाडीला मिळतो: राजधानीलाही आणि भुसावळ–इगतपुरी मेमूलाही. ही कामं कुणाच्या भाषणात येत नाहीत, कारण सांध्याचं उद्घाटन करायला कुणी येत नाही.

बुलेट ट्रेनवाल्यांचा सर्वात भक्कम मुद्दा वेगाचा नाहीच, आणि ते स्वतः तो नीट मांडत नाहीत, म्हणून मी मांडतो. शिंकानसेन बांधली गेली ती हौस म्हणून नाही. तोक्यो–ओसाका जोडणारी जुनी तोकाइदो लाईन १,०६७ मिलिमीटरच्या अरुंद गेजची (गेज म्हणजे दोन रुळांमधलं अंतर), मालाने आणि प्रवाशांनी तुंबलेली होती; आणखी रूळ टाकायचेच होते, तर ते वेगळ्या गेजचे, फाटकाशिवायचे, फक्त प्रवाशांचे टाकू, असा तो निर्णय होता. त्यातून दोन गोष्टी साधल्या. जुन्या लाईनीवर मालाला आणि लोकल गाड्यांना जागा झाली; आणि शिंकानसेनच्या कुठल्याही लाईनीवर आजवर रुळावरून घसरून किंवा टक्कर होऊन एकही प्रवासी दगावलेला नाही. २००४ च्या निगाता भूकंपात गाडी रुळावरून उतरली, तरीही नाही. जळगाव जिल्ह्यातल्या परधाडे स्थानकाजवळ २२ जानेवारी २०२५ ला पुष्पक एक्स्प्रेसमधून आगीच्या अफवेने उतरलेल्या प्रवाशांना शेजारच्या रुळावरून आलेल्या कर्नाटक एक्स्प्रेसने चिरडलं, किमान बारा जीव गेले. ज्या जिल्ह्याने हे पाहिलं आहे त्याला वेगळ्या, बंदिस्त, स्वयंचलित मार्गाची किंमत समजावून सांगायला नको. ताशी १३० ने जाणारी गाडी नेहमीच्या ब्रेकने थांबायला नऊशे मीटरच्या वर घेते, १६० ची सुमारे चौदाशे, ३२० ची साडेपाच किलोमीटर. माणसाला समोर काय आहे हे दिसून त्याने ब्रेक लावण्याच्या पलीकडचं हे अंतर आहे.

हे सगळं मान्य करून मी विचारतो: या तर्काने खान्देशासाठी निष्कर्ष काय निघतो? निष्कर्ष असा निघतो की वेगवेगळ्या वेगाच्या गाड्या वेगळ्या रुळांवर न्या. मनमाड–जळगाव १६० किलोमीटर. ताशी ६० ची मालगाडी न थांबता गेली तर २ तास ४० मिनिटं घेते. १३० ची प्रवासी गाडी १ तास १४ मिनिटं. फरक ८६ मिनिटांचा. म्हणजे मालगाडी सुटल्यावर तासाभराने सुटलेली जलद गाडीही तिला वाटेत गाठणार, आणि त्यापूर्वी मालगाडीला पाचोऱ्याला किंवा चाळीसगावला लूपमध्ये बसवावं लागणार. आता जलद गाडी १६० ची करा. तिला एकच तास लागेल, आणि फरक ८६ वरून १०० मिनिटांवर जाईल. म्हणजे त्याच रुळांवर एखादी गाडी जितकी पळवाल तितक्या बाकीच्या गाड्या अधिक वेळ उभ्या राहणार. एक वंदे भारत आली आणि चार गाड्यांचं वेळापत्रक कोलमडलं, अशी तक्रार जिथे जिथे ऐकू येते तिथे मूळ कारण हे आहे. त्यात रेल्वेवाल्यांचा दुष्टावा नसतो, भूमिती असते.

म्हणून नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेली मनमाड–जळगाव चौथी लाईन आणि भुसावळ–खंडवा तिसरी-चौथी लाईन या आपल्यासाठी कुठल्याही बुलेट ट्रेनइतक्याच मोठ्या बातम्या होत्या, आणि दोन दिवसांत विसरल्या गेल्या. मनमाड–जळगाव चौथ्या लाईनीची मंजूर किंमत सुमारे २,७७३ कोटी, म्हणजे किलोमीटरला सतरा कोटींच्या आसपास. मनमाड–इंदूर नव्या मार्गाला किलोमीटरमागे ५८ कोटी. मुंबई–अहमदाबादचा मूळ अंदाज १ लाख ८ हजार कोटींचा, ५०८ किलोमीटरला. किलोमीटरमागे २१० कोटींच्या वर, आणि तो अंदाज मागेच पडला. जपानने त्यासाठी ०.१ टक्के व्याजाने पन्नास वर्षांचं कर्ज दिलं हे खरं, पण तशी सवलत देशातल्या प्रत्येक मार्गाला मिळेल असं गृहीत धरून जळगावची मागणी उभी करता येत नाही. चार लाईनी मात्र मिळाल्या म्हणजे आपोआप फायदा होतो असंही नाही, आणि इथे आपल्या लोकप्रतिनिधींनी जागं राहायला हवं. चारी रुळांवर सगळं मिसळून चालवलं तर फक्त गर्दी वाटली जाते. दोन रूळ मालाचे आणि दोन प्रवाशांचे असे पक्के वेगळे केले, आणि जिथे एका जोडीवरून दुसऱ्या जोडीवर किंवा शाखेकडे जायचं तिथे रुळांवरून रुळांचा उड्डाणपूल बांधला, तरच प्रवासी जोडीवरच्या वळणांना पूर्ण उंची देता येते आणि वर सांगितलेली ८७५ विरुद्ध हजार मीटरची तफावत भरून निघते. मुंबईच्या उपनगरी रेल्वेत जलद आणि धीमे रूळ का वेगळे आहेत, हे ठाण्याला नोकरी करणारा खान्देशातला मुलगाही सांगेल. २०२१ च्या अर्थसंकल्पात भुसावळहून नागपूर, खड्गपूरमार्गे डानकुनीपर्यंत स्वतंत्र मालवाहतूक मार्गाचा उल्लेख झाला होता. बुलेट ट्रेनसाठी जेवढी निवेदनं गेली त्याच्या चौथाई जरी या मार्गाच्या पाठपुराव्यासाठी गेली असती, तरी बरं झालं असतं.

नंदुरबारचा प्रश्न थोडा वेगळा आहे. ताप्ती व्हॅलीची उधना–जळगाव लाईन आता दुहेरी आणि विद्युतीकृत आहे, आणि सुरत हे बुलेट ट्रेनचं स्थानक आहे. पण ते शहराबाहेर अंत्रोलीला, आणि रूळ १,४३५ मिलिमीटरच्या स्टँडर्ड गेजचे. आपले १,६७६ चे. त्यामुळे अहमदाबादहून निघालेली वेगवान गाडी सुरतेला आपल्या रुळांवर येऊन पुढे नंदुरबार, अमळनेर, जळगाव करू शकणार नाही. सामान उचलून गाडी बदलावी लागणार. फ्रान्सने १९८१ मध्ये पॅरिस–लियाँ टीजीव्ही ही आपली वेगवान गाडी सुरू करताना नेमकं उलट केलं. गाडी शहरातल्या जुन्या स्थानकातून निघते, नव्या मार्गावर पूर्ण वेग घेते आणि पुढे पुन्हा जुन्या रुळांवर उतरून लहान गावांत जाते. त्यासाठी ती दोन प्रकारच्या विद्युत दाबांवर चालते. लहान शहरांच्या दृष्टीने ही पद्धत फार मोलाची आहे. स्टँडर्ड गेजच्या बाजूनेही वजनदार कारणं आहेत: जगभरच्या तयार गाड्या मिळतात, आणि जुन्या रुळांवरचे दोष, जुनी फाटकं, जुना उशीर नव्या मार्गावर येत नाही. पण स्पेनचं उदाहरण समोर आहे. त्यांचे जुने रूळ १,६६८ मिलिमीटरचे, जवळपास आपल्याएवढेच रुंद. १९९२ ची माद्रिद–सेव्हिया लाईन त्यांनी स्टँडर्ड गेजची बांधली आणि चाकांमधलं अंतर चालता चालता बदलणाऱ्या टॅल्गो गाड्यांनी दोन्ही जाळी जोडली. अशी गाडी गेज बदलणाऱ्या शेडमधून हळू वेगाने पुढे सरकते, वजन क्षणभर चाकांवरून काढून घेतलं जातं, चाकं नव्या अंतरावर सरकून पुन्हा पक्की होतात. टॅल्गोच्या डब्यांची चाचणी आपणही २०१६ मध्ये घेतली, मथुरा–पलवल दरम्यान १८० पर्यंत. मात्र ते वळणावर झुकणारे हलके डबे म्हणून, गेज बदलण्याच्या गुणासाठी नाही. नंदुरबारच्या प्रतिनिधींनी मागणी करायची तर सुरतेला दोन्ही गेजचे फलाट शेजारी शेजारी आणि अशा जोडणीचा अभ्यास, ही करावी.

मॅग्लेव्ह आणि हायपरलूपबद्दल थोडक्यातच सांगतो. शांघायची मॅग्लेव्ह २००४ मध्ये ४३१ च्या वेगाने सुरू झाली, पण लांबी फक्त तीस किलोमीटर. चीनने त्यानंतर हजारो किलोमीटरचं वेगवान जाळं विणलं ते लोखंडी चाक आणि लोखंडी रुळाचं. जपानची चुओ मॅग्लेव्ह लाईन तांत्रिकदृष्ट्या थक्क करणारी आहे, २०१५ मध्ये चाचणीत ६०३ चा वेग गाठला. पण तोक्योतल्या शिनागावापासून नागोयापर्यंतच्या टप्प्याचा बहुतांश भाग बोगद्यात आहे आणि २०२७ ची मुदत हुकून ती २०३४ च्या पुढे गेली. हवेच्या गादीवर तरंगणारी फ्रान्सची एरोट्रेन १९७४ मध्ये ४३० ने धावली, आणि त्याच वर्षी सरकारने तिच्यावर पाणी सोडलं; ती कुठल्याही जुन्या स्थानकात शिरू शकत नव्हती. मुंबई–पुणे हायपरलूपचा करार महाराष्ट्र सरकारने २०१८ मध्ये व्हर्जिन हायपरलूपशी केला. त्या कंपनीने माणसं बसवून केलेली एकमेव चाचणी नोव्हेंबर २०२० मधली, नेवाडात पाचशे मीटरच्या नळीत, वेग ताशी पावणेदोनशेच्या आत; २०२३ च्या अखेरीस कंपनीच बंद झाली. या सगळ्यांत अडचण एकच: जुन्या जाळ्याशी सांधा नाही. पहिला किलोमीटर बांधल्यावर काहीच मिळत नाही, शेवटचा बांधल्यावरच सगळं मिळतं. ब्रिटनने सत्तरच्या दशकात दोन गाड्या शेजारी शेजारी विकसित केल्या. एक झुकणारी, नव्या ब्रेकची, सगळंच नवं असलेली एपीटी. दुसरी साधी डिझेलची एचएसटी, आहे त्या रुळांवर, आहे त्या सिग्नलवर ताशी २०० ने पळणारी. एपीटी १९८१ मध्ये सेवेत आली आणि लगेच मागे घ्यावी लागली. एचएसटी १९७६ मध्ये आली आणि चाळीस वर्षांहून जास्त चालली.

दुसऱ्या टोकाला, हे सगळे श्रीमंतांचे चोचले असं म्हणणाऱ्यांच्या रागाला आधार आहे. कोरोनानंतर पॅसेंजर गाड्या सुरू झाल्या त्या एक्स्प्रेसच्या भाड्याने, आणि ते भाडं उतरायला २०२४ उजाडलं. पाचोरा–जामनेरची छोटी गाडी बंद पडली, मोठ्या लाईनीचं काम झालं तेव्हा होईल. ज्याच्या गावची गाडी गेली त्याला ३२० किलोमीटर वेगाचं कौतुक कसं असेल? पण राग योग्य असला तरी त्यातून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे. गरिबाची गाडी लूपमध्ये उभी राहते ती रुळ कमी असल्यामुळे. रावेर-सावद्याची केळी कच्ची, हिरवी असतानाच दिल्लीकडे निघतात. तेरा-चौदा अंश तापमान राखलं तर टिकतात, उघड्या डब्यात चैत्र-वैशाखाच्या उन्हात एखाद्या स्थानकावर सहा तास उभी राहिली तर वाटेतच पिकायला लागतात आणि बाजारात भाव पडतो. त्या केळीच्या गाडीला १६० चा वेग नकोच आहे. तिला ठरल्या वेळी पोचणारी, न थांबणारी ताशी ७५ ची वाट हवी. मालाचे रूळ वेगळे झाले की ती तिला मिळते, आणि मोकळ्या झालेल्या रुळांवर शटलही वेळेत धावते. जलद मार्गाची मागणी आणि साध्या गाडीची मागणी एकमेकींच्या विरोधात आहेत, हा समज सोडायला हवा.

आता पुन्हा मनमाड–इंदूरकडे, कारण तिथे अजून हातात काही आहे. मालेगाव, धुळे, नरडाणा, शिरपूर, मग सातपुडा चढून सेंधवा. धुळ्याजवळ बोरविहीर ते नरडाणा हा तुकडा आधीपासूनच मंजूर आहे. या मार्गाला दोन धनी आहेत आणि त्यांच्या गरजा उलट आहेत. मालगाडीला वळण चालतं, चढ चालत नाही: पाच हजार टनांच्या गाडीला १:१०० चढावर केवळ चढासाठी पन्नास टन ओढ लागते. मोटारी विभागलेल्या प्रवासी गाडीला चढ चालतो, वळण चालत नाही. पॅरिस–लियाँ मार्गावर १:२८ चा चढ देऊन त्यांनी बोगदे टाळले. सातपुड्यात दोघांचं भागवायचं तर बोगदे लांब होतील आणि खर्च वाढेल. तो वाढू द्यावा. थळ घाटात १८६५ साली वाचवलेल्या पैशाची किंमत आपण दीडशे वर्षं बँकर इंजिनांच्या रूपाने भरली आहे. मैदानात मात्र, मनमाड ते शिरपूर, जमीन साथ देते. तिथे किमान त्रिज्या २,८०० मीटर धरावी, म्हणजे आज गाडी ११० ने धावली तरी तीस वर्षांनी त्याच रुळांवरून, मालगाड्या सोबत असतानाही, २०० ची गाडी नेता येईल.

मैदानातली खरी अडचण खाली आहे, मातीत. तापीखोऱ्यातली काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसून हातभर भेगा पाडते. तिच्यावर नुसता भराव टाकून खडी अंथरली तर पाचसहा पावसाळ्यांत खडी मातीत रुतते, चिखल वर येतो, रुळाची पातळी जागोजागी ढळते, मग गँगमन कितीही वेळा खडी ठोकोत, वेगावर निर्बंध लागतो आणि तो वर्षानुवर्षं राहतो. त्यावर उपाय ठाऊक आहेत: वरची काळी माती काढून टाकणं, मुरमाचा भराव थरांथरांत पाणी देऊन दाबणं, खडीखाली प्रतवारी केलेल्या दगडचुऱ्याचा निदान साठ सेंटिमीटरचा थर, आणि भरावाच्या दोन्ही पायथ्यांना पाणी वाहून नेणारे नाले. हे काम ठेकेदाराच्या बिलात सर्वात आधी कापलं जातं, कारण ते झाकलं जातं. १३० च्या वर जायचं तर दोन्ही बाजूंनी कुंपण आणि फाटकबंदी लागते. मग शेतकऱ्याचं अर्धं शेत पलीकडे राहतं आणि त्याला रुळांखालून जाणारा बोगदा दिला जातो, जो आषाढात छातीभर पाण्याने भरतो. ज्यांची जमीन जाते त्यांनी मोबदल्याबरोबर प्रत्येक बोगद्याची पातळी जवळच्या नाल्याच्या पातळीशी ताडून मागावी, आणि ट्रॅक्टर-ट्रॉली उसाच्या भाऱ्यासह जाईल इतकी उंची मागावी.

राहता राहिलं नरडाणा. तिथे सुरत–भुसावळ आणि मनमाड–इंदूर हे दोन मार्ग एकमेकांना भेटतील. साधं सपाट जंक्शन केलं तर एका मार्गाची मालगाडी दुसऱ्या मार्गाच्या चार-चार गाड्या रोखून धरेल. पुण्याला जाणाऱ्या खान्देशी प्रवाशाला दौंड ठाऊक आहे. कॉर्ड लाईन, म्हणजे एका मार्गावरून थेट दुसऱ्या मार्गावर नेणारा जोडरूळ, होईपर्यंत तिथे इंजिन काढून उलट्या टोकाला जोडावं लागे. नरडाण्याला रुळांवरून रुळ जाणारा पूल आणि सुरतेकडून धुळ्याकडे, तसंच भुसावळकडून शिरपूरकडे वळणाऱ्या कॉर्ड लाईनींची जमीन पहिल्याच भूसंपादनात धरायला हवी, नंतर तिथे गोदामं आणि प्लॉट उभे राहतात. तापीवरच्या पुलाचे पायवे दुहेरी मार्गाचे घालावेत, गर्डर भले एकाच लाईनीचे आज टाका. आणि जिल्हा नियोजनाच्या बैठकीत, खासदारांच्या पत्रात, कृती समितीच्या निवेदनात एक साधी मागणी असावी: धुळे जिल्ह्यातल्या प्रत्येक वळणाची त्रिज्या आणि प्रत्येक चढाचं प्रमाण दाखवणारा तक्ता, भूसंपादनाची अंतिम अधिसूचना निघण्याआधी, मराठीत, तहसील कचेरीच्या फलकावर.